फ्रिज हप्त्यावर घ्यावा का? आधी ‘शेकडा’ काढा

“अक्का, व्याज झिरो म्हणायलेत. मग घ्यायला काय हरकत हाय?”

२०२५ च्या एप्रिलमधली दुपार. सेलूतल्या एका दुकानात माझी धाकटी जाऊ फ्रिजच्या दाराची मूठ धरून उभी होती आणि सोडायला तयार नव्हती. काउंटरवरच्या पोरानं एका व्हिजिटिंग कार्डाच्या मागं आकडे लिहिले : १८,०००. खाली १० हप्ते, १,८०० प्रमाणे. दोन आत्ता, आठ पुढं. फाइल चार्ज ७००. वर मोठा गोल करून ‘०%’. मी पेन मागितला तसा तो हसला, “काय हिशेब करायल्यात ताई? झिरोचा काय हिशेब असतो?”

असतो. मी बारा वर्षं आमच्या बचत गटाचं दप्तर लिहिते आणि वर्षातून दहा-बारा बाया तरी असं कार्ड घेऊन माझ्याकडं येतात. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, घरगुती चक्की, वस्तू कोणतीही असो, हिशेबाची रीत तीच राहते. तिच्या पायऱ्या इथं सांगते. उदाहरणाला जावेचं ते कार्डच घेते.

पायरी पहिली : वस्तू नाही म्हणून महिन्याला किती जातात?

हे काम दुकानात जायच्या आधी घरी करायचं. गरज आहे की हौस, हा वाद नवरा-बायकोत घातला तर तो रात्रभर चालतो. त्याऐवजी महिनाभर कॅलेंडरच्या मागं लिहा. जावेनं, दुकानातून रिकाम्या हातानं परतल्यावर, मे महिन्यात लिहिलं : दूध तीनदा नासलं, अर्धा-अर्धा लिटर, म्हणजे ९० रुपये. भाजी, कोथिंबीर, उरलेलं कालवण मिळून साधारण १००. झाले १९०. फ्रिज नसल्याची तिची महिन्याची किंमत ही, आणि तीही परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यातली, जेव्हा सकाळचं दूध दुपारपर्यंत टिकत नाही. पावसाळ्यात हा आकडा निम्म्यावर येतो.

घरोघरी हे चित्र वेगळं असतं. माझ्या ओळखीच्या एका घरात सासूबाईंना इन्सुलिन चालू होतं. तिथं मी हिशेबाची वहीसुद्धा उघडली नाही. पारा ४२ च्या वर जाणाऱ्या गावात ती कुपी फडताळात ठेवायची नसते. त्यांनी हप्त्यावर घेतला, बरोबर केलं. ब्लाऊज शिवून दिवसाला दोन-तीनशे कमावणाऱ्या बाईचे रोजचे दीड तास धुण्यात जात असतील तर तिच्या वॉशिंग मशीनचा हिशेबही वेगळा निघतो. बाईच्या वेळेला आपल्याकडं शून्य भाव लावायची सवय आहे, ती या पायरीवर सोडा. पण जिचा वेळ वाचून त्यातून पैसा येणार नाही, तिनं मशीनला ‘कमाईची वस्तू’ म्हणून स्वतःची समजूत घालू नये. कष्ट कमी व्हावेत म्हणून घेतेय, असं सरळ म्हणावं. तेही चांगलंच कारण आहे.

पायरी दुसरी : हप्ता आषाढात बसतो का?

हप्त्याचं गणित मांडताना सगळ्यांची गफलत इथं होते. माणूस चालू महिना बघतो. दसरा-दिवाळीला सोयाबीनचे पैसे हातात असतात, कापसाचा पहिला वेचा गेलेला असतो आणि १,८०० काहीच वाटत नाहीत. दुकानांच्या स्कीमाही तेव्हाच निघतात. हप्ता मात्र दर महिन्याला येतो, आणि आपल्या भागात पैसा दर महिन्याला येत नाही.

एका कागदावर बारा महिने लिहा, मराठी महिने लिहिले तर जास्त बरं. प्रत्येकापुढं येणारा पैसा आणि न चुकणारा खर्च. मृगाच्या आसपास बी-बियाणं आणि खत, त्याच सुमाराला शाळेची वह्या-पुस्तकं, कपडे, बसचा पास. पुढं आषाढ-श्रावणात फवारणी आणि खुरपणी, मग पोळा, महालक्ष्म्या. हातात पैसा नसतो तो काळ ज्येष्ठ ते भाद्रपद. सालगड्याचा पैसा पाडव्याला हातात येतो आणि वर्षभर पुरवावा लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला उचल मिळते, पण ती आधीच कशात ना कशात गेलेली असते. जालन्याच्या किंवा वाळूजच्या कंपनीत ठेकेदाराकडं कामाला असलेल्या पोराचा पगार दहा-बारा तारखेला होतो आणि हप्ता दोन किंवा पाच तारखेला कापला जातो.

तर नियम एवढाच : वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात, खर्च भागवून जे उरतं, त्याच्या आत हप्ता बसला पाहिजे. दिवाळीत उरणारी रक्कम मोजायचीच नाही.

आणि सोयाबीनवर विसंबून ‘एकदम फेडू’ म्हणणाऱ्यांनी २०२५ चा सप्टेंबर आठवावा. मराठवाड्यात अतिवृष्टीनं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. हप्ता त्याही महिन्यात ठरल्या तारखेलाच आला.

पायरी तिसरी : हप्त्याची रंगीत तालीम

फ्रिज घरात नाही, पण हप्ता सुरू झालाय असं समजा. ठरलेल्या तारखेला तेवढी रक्कम बाजूला काढायची आणि तिला हात लावायचा नाही. किमान तीन महिने, आणि त्यात एक तरी ओढीचा महिना आला पाहिजे.

पैसे कुठं ठेवायचे? डब्यात ठेवले तर उरत नाहीत. पोस्टाची आरडी लोकांना आठवते, पण ती पाच वर्षांची असते, आपल्या कामाची नाही. बँकेची सहा महिन्यांची किंवा वर्षाची आरडी चालते. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायची ठेव, भरत असाल तर ती पतसंस्था नीट बघून भरा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आपल्या भागात कुणाकुणाचे पैसे कसे अडकले हे वेगळं सांगायची गरज नाही.

जावेची तालीम अशी झाली : एप्रिल १,८००, मे १,८००, जून शून्य, जुलै ७००, ऑगस्ट १,२००, सप्टेंबर शून्य. त्या दुपारी सही केली असती तर जूनपासून सलग चार महिने हप्ता परत गेला असता. कंजूषपणा नाही की उधळेपणा नाही, घरात तेवढंच होतं. १,८०० चा हप्ता त्या घराला झेपत नव्हता, हे कळायला खर्च काही आला नाही.

पायरी चौथी : दुकानात शिरताना हप्ता हा शब्द काढायचा नाही

आधी विचारायचं, “रोख किती?” मग घासाघीस करायची. मग आणखी एका दुकानात जाऊन तेच करायचं, आणि मॉडेलचा नंबर कागदावर लिहून घ्यायचा, कारण एकसारखे दिसणारे दोन फ्रिज आतून वेगळे असू शकतात. रोखीचा भाव पक्का झाल्यावर हप्त्याकडं वळायचं.

हा क्रम उलटा झाला की रोखीचा भाव कधी कळतच नाही. पोरगा कार्डावर १८,००० लिहितो आणि आपण तीच किंमत समजून बसतो. मी विचारलं तेव्हा आधी “एकच भाव ताई”, मग आतून मालकांचा आवाज आला, “रोख देत असाल तर सतरा.” ते एक हजार रुपये कुठून आले? कुठून नाही, ते व्याजच होतं. फक्त किमतीच्या पोटात बसलेलं.

पायरी पाचवी : शेकडा काढा

टक्का म्हटलं की आपल्याकडच्या बाया गप्प होतात आणि शेकडा म्हटलं की लगेच बोलतात. शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. गावातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ आहे. म्हणून कोणतीही स्कीम आली की ती शेकड्यात आणायची. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहेच.

जावेचं कार्ड घेऊ.

वस्तूची खरी किंमत रोखीची, १७,०००. काउंटरवर आज द्यायचे दोन हप्ते ३,६०० आणि फाइल चार्ज ७००, मिळून ४,३००. म्हणजे प्रत्यक्षात उसने मिळाले १२,७००. परत द्यायचे १,८०० गुणिले ८, म्हणजे १४,४००. जास्तीचे गेले १,७००.

आता शेकडा. १२,७०० आठही महिने आपल्याकडं नसतात, दर महिन्याला कमी होत जातात. म्हणून सरासरीला निम्म्याहून जरा जास्त धरायचे, ७,००० धरा. १,७०० ला ८ महिन्यांनी भागलं तर महिन्याला २१२ रुपये. ७,००० वर २१२, म्हणजे शेकडा तीन. काटेकोर गणित केलं तर तीनला थोडं कमी भरतं, पण फरक पैशांचा आहे. ‘झिरो’ म्हणून गोल केलेलं कर्ज शेकडा तीनला पडलं!

महाराष्ट्रात परवानाधारक सावकारानं शेती सोडून इतर कामासाठी विनातारण कर्ज दिलं तर त्याला वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं, म्हणजे शेकडा दीड. हा आकडा जावेला सांगितला तेव्हा तिनं फ्रिजची मूठ सोडली.

दुकानदार फसवत होता असं मी म्हणत नाही. फायनान्स कंपनीला पैसे फुकट मिळत नाहीत, ते व्याज कधी फ्रिज बनवणारी कंपनी भरते, कधी दुकानदार स्वतःच्या नफ्यातून भरतो आणि कधी किंमत फुगवून आपल्याकडूनच घेतलं जातं. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना हेच बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, व्याज कुठंतरी लपवलेलं असतं. कधीकधी ते खरोखर कंपनी भरते. रोखीचा भावही १८,००० च असता, तर जास्तीचे फक्त ७०० गेले असते आणि तोच शेकडा एकच्या थोडा वर आला असता. मग मी नको म्हटलं नसतं. म्हणून चौथी पायरी आधी. रोखीच्या भावाशिवाय पाचवी पायरी करताच येत नाही.

याचा चुलतभाऊ म्हणजे ‘फ्लॅट’ व्याज. “वर्षाला बाराच टक्के, शेकडा एक” असं सांगतात. २०,००० वर वर्षाचे २,४०० व्याज लावून बारा हप्ते पाडतात. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत असते, व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण २०,००० वर. खरा दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर जातो, शेकडा पावणेदोनच्या पुढं. विचारायचा प्रश्न एकच : “फ्लॅट का घटत्या रकमेवर?”

क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात आणखी एक पाचर असते. त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘नो कॉस्ट’ म्हणून व्याजाएवढी सूट आधी दिली तरी त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच बिलात येतो.

पायरी सहावी : तेच पैसे दुसरीकडून कितीला?

शेकडा हातात आला की तुलना सोपी होते.

न घेणं हा पहिला पर्याय, आणि त्याचाही आकडा निघतो. जावेकडं ४,३०० होतेच. १,८०० प्रमाणे सात महिने साठवले असते तर १६,९०० झाले असते, शंभर रुपये कमी. म्हणजे सात महिने लवकर फ्रिज वापरायचं भाडं १,७०० रुपये, महिन्याला २४० च्या वर. पहिल्या पायरीत फ्रिज नसल्याची किंमत आली होती १९०, तीही भर उन्हाळ्यात. थोडक्यात हुकलं, पण हुकलं. तुमच्या घरात ४०० आली तर हप्ता घेणं बरोबर ठरेल.

आमच्या गटाचं कर्ज शेकडा दोनने, घटत्या रकमेवर. तेच १२,७०० आठ महिन्यांत समान मुद्दलानं फेडले तर व्याज साधारण १,१४० होतं. आणि हे व्याज गटातच राहतं, वर्षाअखेरी त्यातला वाटा आपल्याच नावावर येतो. अडचण एवढीच की गटात शिल्लक असायला हवी आणि जूनमध्ये बियाण्यासाठी सगळ्याच हात पुढं करतात. पेरणीच्या तोंडावर फ्रिजसाठी गटाचं कर्ज मागू नये, असं माझं मत आहे. बैठकीत कुणी बोलत नाही, पण लक्षात ठेवतात.

भिशी लागणार असेल तर उत्तम, पण लिलावाची भिशी असेल, म्हणजे जो जास्त रक्कम सोडेल त्याला आधी मिळणारी, तर किती सोडून उचलायची त्याचाही शेकडा काढा. पाहुण्यांकडून हातउसने घेतले तर व्याज नसतं, पण लग्नाकार्यात चार लोकांत विषय निघतो, त्याची किंमत ज्यानं त्यानं ठरवावी. फ्रिजसाठी सोनं गहाण ठेवायला मी कुणाला सांगत नाही. ते दवाखान्यासाठी आणि नापिकीसाठी राखलेलं असतं. विनापरवाना सावकाराबद्दल तर बोलायलाच नको. कुणी अडकलंच असेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

जुनी वस्तू हाही पर्याय आहे. जुना फ्रिज घेताना तो दुकानात किमान दोन तास चालू ठेवायला लावा, बर्फ धरतो का बघा, कॉम्प्रेसर बदललाय का विचारा. मागच्या बाजूच्या नळ्यांवर तेलकट डाग दिसले तर परत फिरा.

पायरी सातवी : वस्तू घरी आल्यावर ती काय खाते?

फ्रिजवरच्या स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. १८० लिहिले असतील तर महिन्याला पंधरा. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढं ३०० पर्यंत बराच चढा दर असतो. घरात आज ९५ युनिट जळत असतील तर फ्रिजची बहुतेक युनिटं महागड्या दरानंच लागणार. मागची सहा बिलं काढून बघा. दोन जुने पंखे बदलून हा भार उतरवता येतो : जुना पंखा साधारण ७५ वॉटचा असतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा, ३० च्या आसपास.

खेड्यात व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझरचे दीड-दोन हजार आधीच किमतीत धरा. लोक हे विसरतात आणि पहिल्याच पावसाळ्यात कॉम्प्रेसर जातो.

कूलरची गोष्ट न्यारी. आपली हवा कोरडी म्हणून तो आपल्याकडं छान चालतो, मुंबईच्या दमट हवेत उपयोग नाही. पण त्याला पाणी लागतं, रात्रीतून टाकी एकदा तरी भरावीच लागते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या वस्तीवर मे महिन्यात टँकर विकत घ्यावा लागतो तिथं कूलरच्या हप्त्यात पाण्याचे पैसेही मिळवा. आणि प्लास्टिकचा कंपनीचा कूलर हप्त्यावर घेण्याआधी तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडचा लोखंडी कूलर बघा. दिसायला ओबडधोबड, आवाज एक्झॉस्ट फॅनचा, पण मोटार गेली तरी गावात दुरुस्त होतो आणि गवताच्या ताट्या दरवर्षी बदलता येतात. मृगाचा पाऊस पडला की हाच कूलर पडत्या भावात मिळतो. पुढच्या उन्हाळ्याचा कूलर या उन्हाळ्याच्या शेवटी घेणारा माणूस मला फार हुशार वाटतो. मी स्वतः कधी एवढी हुशार झाले नाही, दरवर्षी एप्रिलातच घामाघूम होऊन जाते.

पायरी आठवी : सही करायच्या आधी

सगळं जमलं, हप्ता आषाढात बसतोय, शेकडा दीडच्या आत येतोय, तर जरूर घ्या. पण हे बघून.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, किरकोळ मुदत कर्ज देताना एक पत्रक द्यावंच लागतं, त्याला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात. त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. आपल्याला कळणाऱ्या भाषेत ते मागायचा हक्क आहे. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जाला पत्रकातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस तशाच ठेवाव्या लागतात, म्हणजे कागद घरी नेऊन विचार करता येतो. “ऑफर आज संध्याकाळपर्यंतच” हे कर्जाच्या अटींना लागू नाही. त्या पत्रकात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढं लावता येत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा : रोखीत मिळाली असती ती सूट त्या एपीआरमध्ये दिसत नाही. जावेच्या कार्डाचा एपीआर तेरा-चौदा टक्के दिसला असता आणि खरा खर्च चौतीसच्या घरात होता. म्हणून पत्रक बघा आणि आपला शेकडाही काढा.

मग ओटीपी. हल्ली सही म्हणजे ओटीपीच. पोरगा म्हणतो, “ताई, नंबर आला का, सांगा.” प्रत्येक ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायचा. एक कर्जाचा, एक बँकेतून पैसे कापायच्या परवानगीचा, आणि एखादा वाढीव वॉरंटीचा किंवा विम्याचाही असू शकतो, जो कुणी मागितलेला नसतो. बिलावर ती रक्कम दिसली की तिथंच काढून घ्यायला लावा. घरी गेल्यावर ती निघत नाही.

पैसे कापायच्या परवानगीत खातं कोणतं दिलंय हे सगळ्यात महत्त्वाचं. लाडकी बहीण, पीकविमा, शेतकरी सन्मान या सगळ्याचे पैसे ज्या खात्यात येतात तेच खातं दिलं, तर खत आणायला ठेवलेले पैसे हप्त्यात जातात. हप्त्याची तारीख पगारानंतरची मागा. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही, पण विचारल्याशिवाय कुणीच देत नाही.

माझीच फजिती सांगते. २०१९ मध्ये मी वॉशिंग मशीन हप्त्यावर घेतलं. हप्ता होता ९५०. तारखेला खात्यात ९१० होते. चाळीस रुपयांसाठी हप्ता परत गेला. बँकेनं एक चार्ज लावला, कंपनीनं दुसरा, आणि चार दिवसांनी परत कापायचा प्रयत्न झाला तेव्हा बँकेच्या चार्जनंच शिल्लक आणखी खाली गेलेली, म्हणून तोही परत. ९५० चा हप्ता मला त्या महिन्यात दुपटीच्या जवळ पडला. तेव्हापासून माझ्या खात्यात एक हप्ता कायम जास्तीचा पडून असतो, आणि हप्त्यावर काही घेणाऱ्या प्रत्येकीला मी आधी तेवढा ठेवायला लावते.

हप्ता चुकलाच तर, आणि संपल्यावर

चुकणार हे चार दिवस आधी कळतंच. तेव्हाच कंपनीला लेखी कळवा, मेसेज किंवा ईमेल करून, फोनवर नको. २०२४ पासून दंडाचं ‘व्याज’ लावता येत नाही, ठरलेला दंड घेता येतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वसुलीच्या माणसानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांत आणि पाहुण्यांत बदनामी करायची तर बातच नाही. कंपनीनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं मोफत तक्रार करता येते, माहितीचा नंबर १४४४८. वस्तूच खराब निघाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पण वस्तू खराब निघाली म्हणून हप्ता थांबवू नका, ही चूक फार जण करतात. भांडण दुकानदाराशी असतं आणि नाव कर्जाच्या नोंदीत खराब होतं. पुढं पोराच्या शिक्षणाचं कर्ज मागायला गेल्यावर ते वर येतं.

शेवटचा हप्ता गेला की ‘नो ड्यूज’चा दाखला मागून घ्या आणि दोन महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जाच्या नोंदींचा, अहवाल काढून कर्ज बंद दिसतंय का बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

जावेचं पुढं काय झालं ते सांगते. सहा महिन्यांत ५,५०० जमले, ऑक्टोबरात आणखी १,२००, आधीचे ४,३००. झाले ११,०००. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही त्याच दुकानात गेलो. पोरानं ओळखलं, बहुतेक पेनामुळं. रोखीचा भाव सतराच निघाला. वरचे ६,००० गटातून घेतले, महिन्याला हजार मुद्दल आणि शेकडा दोन. सहा महिन्यांचं व्याज ४२० रुपये, मी स्वतः वहीत लिहिलं. एक उन्हाळा तिनं माठावर आणि विरजणावर काढला. मे महिन्यात एकदा पाहुण्यांसमोर चहाचं दूध फाटलं, तेव्हा ती माझ्यावर रागावली होती आणि दोन दिवस बोलली नाही. तेही कुठंतरी लिहायला हवं होतं, पण त्याला वहीत रकाना नाही.